न दुखणारा कान

पुणे ३०
रविवार, दुपार

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

परवा चपला घालता घालता तू जे बोललीस ते मी ऐकलं. माझे दोन्ही कान अजून शाबूत आहेत. "दुखत तर काही नाही, मग कापायचं कशाला?" असं म्हणालीस आणि आईला मागे जिन्यावरून धावायला लावलंस. आता एकोणीस वर्षांची झालीस, तरी रागावून निघून जायची पद्धत तिसरीतलीच आहे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन तू सवयीने डाव्या कानाला लावतेस, दोनदा "हॅलो, हॅलो" करतेस, मग वैतागून उजव्या कानाला नेतेस. तोवर मला खोकल्याची उबळ येते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र. चार पानं झाली तरी वाच. तुझ्या मावशीआजीने नाक-कान-घशाच्या ओपीडीत उभी हयात घालवली आहे. तुझा प्रश्न तिथे मी रोज ऐकत होते, कधी शेतकऱ्याच्या तोंडून तर कधी प्राध्यापकाच्या.

रागाचं खरं कारण मला ठाऊक आहे. ते म्हणजे ढोल. पथकाचा सराव सुरू व्हायला आला, नदीपात्रातून आवाज घुमायला लागतील, आणि नेमकं तेव्हाच कानाचं ऑपरेशन. त्यावर पुढे लिहिते. आधी तुझ्या दुखण्याबद्दल, म्हणजे न दुखण्याबद्दल.

कान दुखतो तेव्हा माणूस डॉक्टरकडे पळतो. रात्री दोन वाजता लेकराला खांद्यावर टाकून आलेले बाप मी पाहिलेत. सर्दी झालेली असते, घशातून कानात जाणारी नळी सुजून बंद झालेली असते, पडद्यामागे पू साठून पडदा फुग्यासारखा ताणलेला असतो. त्या वेदनेला तोड नाही. मग पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि पोर शांत झोपी जातं. आपल्याकडे याला कान फुटणं म्हणतात. बहुतेकदा औषधाने तो भरूनही येतो. म्हणून दुखणाऱ्या कानाची मला कधी फारशी धास्ती वाटली नाही. बोंब ठोकणारा शेजारी बरा, निदान काय चाललंय ते कळतं.

धास्ती वाटते ती तुझ्यासारख्या कानाची. चार वर्षं अधूनमधून ओला होतो, तोही थेंबभर. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडतो. वास येतो, आणि तो तुला न येता शेजारी बसणाऱ्याला येतो. दुखत मात्र नाही. आमच्या धंद्यात कानांचे ढोबळ दोन प्रकार करतात, सेफ आणि अनसेफ. भरपूर वाहणारा, पातळ, बिनवासाचा, पडद्याच्या मधोमध भोक असलेला कान तो सेफ. थोडंसंच, घट्ट आणि घाण वासाचं येणारा, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा पडलेला तो अनसेफ. ज्याचा पू कमी, तो धोक्याचा. लोकांना हे उलटं वाटतं, आणि त्यात लोकांची चूक नाही.

सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितलेत. त्यात नुसता वाहणारा कान वेगळा धरला आहे आणि सडका कान, ज्याला तो पूतिकर्ण म्हणतो, तो वेगळा. पूतिकर्णात घट्ट, दुर्गंधी स्राव येतो, मग कान दुखो वा न दुखो, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. दुखण्यावर विसंबू नका, हे त्या माणसाला दुर्बिणीशिवाय कळलं होतं.

आता कानामागे बोट लाव. कठीण उंचवटा लागतो ना? ते मॅस्टॉइडचं हाड. बाहेरून दगडासारखं लागतं, आत मात्र हवेच्या बारीक पोकळ्याच पोकळ्या असतात. पुस्तकांत त्याला मधाच्या पोळ्याची उपमा देतात. मला आमचा पेठेतला जुना वाडा आठवतो. घशामागून एक नळी कानाच्या मधल्या भागात येते, ती वाड्याची दिंडी. मधला भाग म्हणजे चौक. तिथे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना धरून बसलेली. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. चौकातून एक अरुंद बोळ मागे एका खोलीत जातो, तिला अँट्रम म्हणतात. त्या खोलीतून पुढे सगळे बारीक खण, अंधाऱ्या खोल्या, माळे. दिंडी नीट उघडत-मिटत असेल तर सगळीकडे हवा खेळते. दिंडी वर्षानुवर्षं सुजलेली राहिली तर आतली हवा शोषली जाते आणि पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन तिथे खिशासारखा खळगा पडतो.

त्या खळग्यातून तुझी गोष्ट सुरू होते. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला साधी त्वचाच असते, हातावर आहे तशी. त्वचा रोज मरते आणि तिचे पापुद्रे गळून पडतात. हातावरचे पापुद्रे अंघोळीत जातात. खळग्यातले जाणार कुठे? ते साठत राहतात, ओले होतात, सडतात, आणि त्यांची पांढरी, मोत्यासारखी चकाकणारी गाठ हळूहळू आत सरकते. तिचं नाव कोलेस्टिॲटोमा. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८मध्ये हे नाव दिलं आणि ते साफ चुकलं. त्या गाठीत कोलेस्टेरॉल नाही, ती कॅन्सरची गाठही नाही. तुझ्या आईने नेटवर नाव वाचलं आणि रात्रभर झोपली नाही. तिला सांग, ही फक्त चुकीच्या जागी वाढलेली कातडी आहे.

पण ही कातडी हाड खाते. वाळवी तुळई खाते तशी, आवाज न करता. तुझ्या सीटी स्कॅनमध्ये ऐरणीचा लांब पाय दिसत नाही, असं लिहिलंय. तो बहुतेकदा सगळ्यात आधी जातो. वाड्यातली वाळवी वाड्यातच राहिली असती तर मीही म्हटलं असतं, गणपती होऊ दे, मग बघू. पण पेठेतल्या वाड्यांच्या भिंती सामाईक असतात. या वाड्याच्या छतावर मेंदू राहतो, आणि मधलं छत काही ठिकाणी अंड्याच्या कवचाइतकं पातळ असतं. मागच्या भिंतीपलीकडे मेंदूतलं रक्त मानेकडे नेणारी जाड शीर. आतल्या अंगाला तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि ऐकण्याचा शंख. आणि या सगळ्यांच्या मधून, हाडातल्या बोगद्यातून वळणं घेत जाणारी चेहऱ्याची नस. वाळवी कुठल्या भिंतीकडे वळेल ते कुणी सांगू शकत नाही. शेजाऱ्याच्या घरात शिरली, की मग दुखतं.

एक गोष्ट सांगते. तुझ्या आईलाही ती ठाऊक नाही.

नुकतीच डॉक्टर झाले होते. पुण्याबाहेर एका लहान दवाखान्यात नेमणूक होती. बारा वर्षांचा एक मुलगा बापाबरोबर आला. कान वाहतोय, वास येतोय, दुखत नाही. मी कान पुसला, थेंब लिहून दिले. महिन्याने परत आला, पुन्हा थेंब दिले. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाहेर तापाच्या रोग्यांची रांग लागली होती. मी कानात नीट डोकावले नाही, जुन्याच चिठ्ठीवर तारीख घातली. कानामागे टाकणं म्हणतात ते हे. दिवाळीनंतर त्याला बैलगाडीतून आणला. ताप, उलट्या, डोकं धरून कण्हणं, हाक मारली तर उत्तर नाही. मेंदूत पू झाला होता. त्याच गाडीने स्टँडवर आणि तिथून जीपने पुण्याला पाठवला. आधी कवटीला भोक पाडून पू काढला, मग कानामागचं हाड साफ केलं. मुलगा वाचला. तो कान कायमचा गेला.

दोन महिन्यांनी बाप मला भेटायला आला, भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन. मी वेळेवर पुण्याला पाठवलं म्हणून पोरगं वाचलं, असं तो ज्याला त्याला सांगत होता. मी त्याला खरं सांगितलं नाही. शेंगा दवाखान्यात सगळ्यांनी वाटून खाल्ल्या, मीही खाल्ल्या. पुढे याच विषयात शिकायचं ठरवलं त्याला हेच कारण झालं, असं सांगितलं तर गोष्टीला शोभेल. पण तेव्हा या विषयाची जागा मिळाली, हेही तितकंच खरं.

असो. तू आईला असंही म्हणालीस म्हणे, की ऑपरेशनसाठी कानामागचं हाड कोरणं हा आडदांड, जुनाट प्रकार आहे. जुना आहे खरा. १७३६च्या सुमारास पॅरिसमध्ये प्तीत नावाच्या सर्जनने कानामागचं हाड उघडून पू काढल्याची नोंद आहे. पुढे १७७६मध्ये यासर या प्रशियाच्या लष्करी सर्जनने एका सैनिकाचं हाड उघडून धुतलं, आणि सैनिकाला ऐकूही बरं यायला लागलं. झालं! ऑपरेशनची फॅशन आली. डेन्मार्कच्या राजाचा वैद्य फॉन बेर्गर याला बहिरेपण होतं आणि कान सतत गुणगुणायचे. पू नाही, गाठ नाही, तरी त्याने हट्टाने स्वतःचं हाड उघडून घेतलं. वर्ष १७९१. बाराव्या दिवशी मेंदूज्वराने गेला. राजवैद्यच गेल्यावर कोण धजावणार? पुढची ऐंशीएक वर्षं या ऑपरेशनचं नाव घ्यायला लोक भीत.

गंमत बघ. त्याच सुमाराला, १७९३च्या आसपास, इथे आपल्या पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक नव्याने बनवलं जात होतं. तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या माणसांनी धरून त्याचं नाक कापलं होतं. विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी खाली वळवून नाक उभं केलं. दोन इंग्रज डॉक्टर बघत उभे होते. १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासकट छापून आलं, आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. कोपनहेगनमध्ये राजवैद्याचा कान जीव घेतो आणि पुण्यात वीटवाला नाक जोडून देतो! मला यात अभिमानापेक्षा धडा जास्त दिसतो. पुण्याच्या त्या माणसाला आपण काय करतोय आणि का करतोय हे ठाऊक होतं. बेर्गरच्या कानात उघडण्याजोगं काही नव्हतंच. कुठलं ऑपरेशन यापेक्षा कुणाचं आणि कशासाठी, हा प्रश्न मोठा. तुझ्या बाबतीत त्याचं उत्तर स्कॅनवर स्पष्ट दिसतंय.

शेवटी १८७३मध्ये हाले या जर्मन गावातल्या श्वार्त्से आणि त्याचा सहायक आयझेल यांनी ऑपरेशन कधी करायचं आणि कसं, हे पद्धतशीर मांडलं, आणि ते पुन्हा सुरू झालं. अवजारं सुताराची, छिन्नी आणि हातोडी.

तू इंग्रजी नाटकं वाचतेस म्हणून ऑस्कर वाइल्डचं सांगते. त्याचा बाप सर विल्यम वाइल्ड डब्लिनचा नामांकित कानाचा सर्जन. कानामागे पू साठला तर जो छेद घेतात त्याला आम्ही अजून वाइल्डचा छेद म्हणतो. आणि पोराचा कान वाहत राहिला. १९००च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीतच त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं, आणि ३० नोव्हेंबरला मेंदूज्वराने तो गेला. वय ४६. कानाच्या डॉक्टरच्या घरात कान सडू शकतो, तर तुझ्या घरात चार वर्षं दुर्लक्ष झालं म्हणून आईवर डोळे वटारू नकोस. माझ्यावर वटार. माझ्या समोर बसून दर दिवाळीला फराळ करत होतीस.

मग सल्फाची औषधं आली, पेनिसिलिन आलं. आपल्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४मध्ये स्थापन झाला, दुसऱ्या वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. सरकारी मालकीचा देशातला हा पहिलाच औषधकारखाना. आमच्या मास्तरांनी तरुणपणी कानामागे लिंबाएवढी सूज घेऊन येणारी मुलं वॉर्ड भरभरून पाहिली होती. आमच्या वेळेपर्यंत ती क्वचित दिसायची. ताप-ठणक्याचं मॅस्टॉइड इंजेक्शनांनी आटोक्यात आणलं. पण तुझ्या गाठीत रक्तवाहिन्याच नाहीत, ती मेलेली कातडी. रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? थेंबांनी वास जातो, पाणी थांबतं, गाठ तिथेच बसून राहते. म्हणून हे हाड अजून कोरावं लागतं.

आता ते कसं कोरतात ते सांगते. तुला मशिनं आवडतात म्हणून जरा सविस्तर.

कानाच्या मागच्या घडीत छेद घेतात, कान दाराच्या फळीसारखा पुढे वळवतात. कानाच्या वरच्या स्नायूवर एक पातळ पांढरं आवरण असतं, ते नखभर कापून बाजूला वाळत ठेवतात. वाळलं की लसणाच्या सालासारखं दिसतं. त्याचाच शेवटी नवा पडदा होतो. मग मायक्रोस्कोप पुढे ओढायचा आणि ड्रिल हातात घ्यायचं. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसंच, पुढे मोहरीएवढ्यापासून वाटाण्याएवढ्यापर्यंत गोल टोक, त्याला बर म्हणतात. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात सक्शनची नळी, आणि हाडावर सतत पाण्याची धार. पाणी थांबलं तर हाड तापतं आणि शेजारची नस भाजते. हाडाचा भुगा पाण्यात मिसळून ताकासारखं पांढरट वाहत राहतं.

हे काम निम्मं डोळ्यांनी आणि निम्मं कानांनी चालतं. जाड हाडावर ड्रिलचा आवाज भरीव, खालच्या पट्टीत येतो. मेंदूच्या छताजवळ किंवा मागच्या शिरेजवळ हाड पातळ झालं, की आवाज वर चढतो, पोकळ लागतो. शीर जवळ आली, की हाडातून निळसर झाक दिसते, जसं पातळ चिनी मातीच्या कपातून चहा दिसावा. तिथे आम्ही दातेरी बर काढून हिऱ्याच्या कणांचा बर लावतो. तो कापत नाही, घासतो. असं कवचाएवढं हाड ठेवून थांबायचं असतं. थांबणं शिकायला वर्षं लागतात.

चेहऱ्याच्या नसेची भीती तुला डॉक्टरांनी फॉर्मवर सही घेताना घातली असेल. घालायलाच हवी. आम्ही बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना मृत देहांच्या हाडांवर सराव करायचो. पहिल्या तिन्ही हाडांत माझ्याकडून ती नस कापली गेली. चौथ्यात वाचली, आणि त्या दिवशी मी मैत्रिणींना कॅम्पात आईस्क्रीम खायला घातलं. जिवंत माणसाच्या हाडाला हात लावायची परवानगी त्यानंतर कितीतरी दिवसांनी मिळाली. तुझ्या सर्जनने अशी हाडं शेकड्याने कोरलीत, मी चौकशी केली आहे. शिवाय आता नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र असतं, नसेला धक्का लागला की पिपाणी वाजते. आमच्या वेळी ओ.टी.तली सिस्टर चादरीखाली हात घालून रोग्याच्या गालावर बोटं ठेवायची. गाल उडाला की ओरडायची.

दिवे जातील का, असं तू गमतीने विचारलंस. १९२४च्या १२ जानेवारीला ससूनमध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चालू असताना वीज गेली होती, आणि कर्नल मॅडॉकने ते कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. तुझ्या हॉस्पिटलात जनरेटर आहे.

सर्जन आत जाऊन काय ठरवणार, हे आधी पक्कं सांगता येत नाही. कानाच्या नळीची मागची भिंत ठेवता आली तर कान पूर्वीसारखाच राहतो, पण गाठीचा कण मागे राहिला का हे बघायला वर्षभराने पुन्हा एमआरआय किंवा दुसरं ऑपरेशन लागू शकतं. भिंत पाडावी लागली तर आत एक मोठी पोकळी तयार होते. ती उघडी, डोळ्यांना दिसणारी, म्हणून लपायला जागा नसलेली. पण ती सहा-आठ महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते, जन्मभर. भिंत ठेवा असा हट्ट सर्जनकडे धरू नकोस. हट्ट धरणारे आणि नंतर दहा वर्षं तोंड न दाखवणारे रोगी मी पाहिलेत.

ऐकण्याचं सांगते, आणि इथे तुला नीट ऐकावं लागेल. या ऑपरेशनचा पहिला हेतू जीव सुरक्षित करणं, दुसरा कान कोरडा करणं, ऐकणं तिसरं. कधी कधी ती गाठच तुटलेल्या ऐरणीच्या जागी पूल बनून आवाज पलीकडे पोचवत असते. गाठ काढली की पूल जातो आणि ऐकणं आधीपेक्षा कमी होतं. रोग काढला आणि ऐकू कमी आलं, म्हणून लोक डॉक्टरला शिव्या घालतात. तू घालू नकोस. हाडाच्या किंवा टायटॅनियमच्या तुकड्याने नवा पूल घालता येतो, त्याच वेळी किंवा नंतर. त्या दिवशी मी तुझ्या कपाळाच्या मधोमध ट्यूनिंग फोर्क टेकवला आणि तू हसत म्हणालीस, आवाज वाईट कानातच मोठा येतोय. तू चुकत नव्हतीस. पूल तुटलाय पण आतली नस शाबूत आहे, असा त्याचा अर्थ. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं.

आणि हे हाड उघडण्यात कमीपणा काही नाही. जन्मतः बहिऱ्या बाळांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात ना, तेही याच हाडातून वाट काढून. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांनी हे काम आपल्याकडे रुजवलं, २०१४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अँट्रमची तीच खोली, चेहऱ्याच्या नसेशेजारची तीच चिंचोळी फट, आणि तिच्यातून शंखात सोडलेली तार. एकेकाळी नुसता पू काढायला पाडलेलं दार आज आवाज आत न्यायला वापरतात.

नंतरचे त्रास किरकोळ, पण माहीत असू देत. डोक्याला फेट्यासारखी पट्टी बांधतील. कानाची पाळी काही महिने बधिर राहील, झुमका घातलाय की पडलाय तेही कळणार नाही. जिभेची चव नेणारी एक बारीक नस पडद्यामागून जाते, ती दुखावली तर जिभेच्या डाव्या कडेला काही काळ धातूसारखी चव लागेल. चहा बिघडलाय म्हणून आईला बोलू नकोस. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. विमान नाही, पोहायला टिळक टँक तर नाहीच. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात. आणि शेजारच्या काकू लसणाचं कोमट तेल घेऊन येतील, त्यांना चहा पाज आणि तेलाची वाटी पोळ्यांना लावायला आत दे. फाटक्या पडद्याच्या कानात तेल ओतणं म्हणजे बुरशीला आवतण. हेअरपिन आणि कापसाच्या काड्या आजच फेक. त्या तुझ्या कंपासपेटीत मी पाहिल्यात.

आता ढोल. यंदा नाही. एक ऑपरेशन झालेला कान आणि दुसरा चांगला कान, दोन्ही ढोलाच्या भिंतीत उभे करायचे नाहीत. आवाजाने जातो तो आतला शंख, आणि त्याला कुठला सर्जन दुरुस्त करू शकत नाही. पुढच्या वर्षी वाजवायचा असेल तर कानात चांगले प्लग घालून वाजव, आणि पथकातल्या पोरांनाही घालायला लाव. हसतील. हसू देत. मिरवणूक यंदा माझ्याबरोबर गॅलरीतून बघ. मला कंपनी होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली अंदाज केला होता, की जगात साडेसहा ते तेहतीस कोटी माणसांचे कान वाहतात, आणि प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या देशांत आपला नंबर आहे. तुझ्या वर्गात, तुझ्या पथकात असा एखादा असेलच. वास लपवायला तो जरा लांब उभा राहत असेल. त्याला हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल.

शनिवारी रात्री केस स्वच्छ धुऊन घे, कारण ऑपरेशननंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही. मला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न्यायला ये म्हणावं बाबांना, मी तयार असेन. भूल उतरताना सर्जन तुझ्या तोंडाजवळ येऊन सांगतील, डोळे घट्ट मिट, आता दात दाखव. दोन्ही गाल सारखे हलतायत का, चेहऱ्याची नस नीट आहे का, ते त्यांना बघायचं असतं. कितीही गुंगी असली तरी लाजू नकोस. सगळे दात दाखव.

तुझी,
मावशीआजी